सात नंबरची मान : सॅम वॉरबर्टनची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना आलेले बरेचसे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा भाग रग्बीवर आहे. थांबा, लगेच पुढच्या पॉडकास्टवर जाऊ नका. रग्बीचा एकही नियम माहीत नसेल तरी चालेल, लागतील तेवढे मी सांगतो. आणि खरं सांगायचं तर आजचा विषय एक माणूस आहे. वेल्सचा सॅम वॉरबर्टन. बाविसाव्या वर्षी देशाचा कर्णधार, चोविसाव्या वर्षी चार देशांच्या एकत्रित संघाचा कर्णधार, आणि एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त.

एकोणतीस. आपल्या आयटीत या वयात माणसाच्या डेझिग्नेशनपुढे नुकतं 'सीनियर' लागलेलं असतं, आणि आई-बाबा लग्नाचं विचारत असतात. या माणसाचं तोवर सगळं करून झालं होतं. असं का झालं, हे समजायला त्याची मैदानावरची नोकरी नक्की काय होती ते बघावं लागतं. म्हणून आज मी स्कोअरपेक्षा त्या नोकरीवर जास्त बोलणार आहे.

आधी थोडं वेल्सबद्दल. लोकसंख्या साधारण तीस लाख, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षाही कमी. राजधानी कार्डिफ. आणि कार्डिफचं रग्बी स्टेडियम शहराच्या बाहेर कुठेतरी हायवेला लागून नाहीये, ते भर शहरात आहे. रेल्वे स्टेशनवरून चालत जा, पब ओलांडा, आलं स्टेडियम. १९९९ साली बांधलेलं, छत बंद करता येणारं, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास माणूस मावणारं. मॅचच्या दिवशी अख्खं शहर लाल होतं. आपल्याकडे क्रिकेटचं जे आहे ते तिथे रग्बीचं आहे, फक्त देश छोटा असल्यामुळे प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी खेळलेलं असतं.

त्याच कार्डिफमध्ये व्हिटचर्च नावाची एक शाळा आहे. साधी सरकारी शाळा. सॅम तिथे शिकला. त्याच्याच वर्षात एक मुलगा होता, गॅरेथ बेल. हो, तोच, रेआल माद्रिदचा! दोघं शाळेत एकत्र खेळायचे. आणि त्यांच्या थोडं पुढे होता गेराइंट थॉमस, सायकलपटू. आता तारखा ऐका. २६ मे २०१८, बेल चॅम्पियन्स लीगच्या फायनलला ओव्हरहेड किकचा तो गोल मारतो. २९ जुलै २०१८, थॉमस टूर द फ्रान्स जिंकतो. आणि या दोन्हींच्या मध्ये, १८ जुलैला, वॉरबर्टन जाहीर करतो की मी थांबतोय. एका शाळेची तीन मुलं, एकच उन्हाळा.

ठीक, आता नोकरीकडे येऊ.

रग्बी युनियनमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये जर्सीचा नंबर ही आवडीनिवडीची गोष्ट असते. रग्बीत नंबर म्हणजे कामाचं स्वरूप. नऊ आणि दहा नंबर डोकं चालवतात, अकरा आणि चौदा पळतात, एक ते तीन ढकलतात. वॉरबर्टन होता सात नंबर, म्हणजे ओपनसाइड फ्लँकर. त्याचं मुख्य काम चोरी!

ही चोरी कशी होते ते कबड्डीवरून सांगतो. चढाईपटूला पकडलं, खाली आणलं, तरी तो हात लांब करून मध्यरेषेला शिवायला बघतो. तो धडपडीचा एक सेकंद आठवा. रग्बीत बॉल घेऊन पळणाऱ्याला टॅकल करून जमिनीवर आणलं की त्याला बॉल सोडावा लागतो. तो बॉल आपल्या माणसांच्या दिशेने ठेवतो, आणि त्याची माणसं येऊन बॉलवरून उभी राहतात, म्हणजे बॉल सुरक्षित. पण ती माणसं पोचायला एक-दीड सेकंद लागतो. त्या दीड सेकंदात समोरच्या टीमचा एखादा माणूस तिथे पोचला, पायांवर उभा राहिला आणि वाकून त्याने बॉलवर हात घातले, तर? खाली पडलेल्याने बॉल सोडलाच पाहिजे. नाही सोडला तर पेनल्टी. पेनल्टी म्हणजे तिथून किक मारून तीन पॉइंट, किंवा बॉल लांब बाहेर मारून तीस-चाळीस मीटर पुढे सरकणं. म्हणजे दीड सेकंदाच्या कामात मॅच फिरू शकते. या प्रकाराला 'जॅकल' म्हणतात. कोल्ह्यासारखं येऊन उचलून नेणं.

आता हेच चित्र त्या माणसाच्या बाजूने बघा. पाय फाकवलेले, कंबरेत वाकलेला, डोकं खांद्याच्या खाली, दोन्ही हात बॉलमध्ये अडकलेले. आणि समोरून शंभर-एकशेदहा किलोची दोन माणसं पळत येऊन त्याला उडवायला बघताहेत. त्यांचं कामच ते आहे, नियमात बसतं. हात सोडून स्वतःला वाचवलं तर चोरी फसली. शिटी वाजेपर्यंत तिथेच चिकटून राहायचं. पहिला धक्का, दुसरा धक्का. मानेवर, खांद्यावर, कधी गुडघ्यावर बाजूने. आपली मान दिवसभर लॅपटॉपमध्ये बघून दुखते, आपण फिजिओकडे जातो आणि रडत सांगतो. इथे शंभर किलोचा माणूस ठरवून मानेवर घेतला जातो, एका मॅचमध्ये पुन्हा पुन्हा. वॉरबर्टन सहा फूट दोन इंच आणि शंभरएक किलो होता, म्हणजे सात नंबरसाठी चांगलाच दणकट. पण दणकट असण्याची एक गंमत अशी, की दणकट माणूस हटत नाही. आणि जो हटत नाही त्याला जास्त लागतं.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

वेल्सकडून तो पहिल्यांदा खेळला जून २००९ मध्ये, अमेरिकेविरुद्ध, शिकागोजवळ. बदली खेळाडू म्हणून उतरला. दोन वर्षांनी, २०११ च्या उन्हाळ्यात, नेहमीचा कर्णधार मॅथ्यू रीस जायबंदी झाला आणि कोच वॉरन गॅटलंडने या पोराला कर्णधार केलं. त्याला स्वतःला या पदाची फारशी हौस नव्हती. तो ड्रेसिंग रूममध्ये टेबल आपटून भाषण देणारा माणूस नव्हताच. गॅटलंडचा हिशोब सोपा होता : हा बोलत नाही, पण हा जे करतो ते बघून बाकीचे करतात.

त्या वर्षी वर्ल्ड कप न्यूझीलंडला होता. तयारीसाठी वेल्सची टीम पोलंडमध्ये स्पाला नावाच्या गावी गेली होती. तिथे क्रायोथेरपीच्या खोल्या आहेत, उणे शंभर अंशांच्याही खाली. मोजे, हातमोजे, तोंडावर पट्टी घालून दोन-तीन मिनिटं आत उभं राहायचं, बाहेर यायचं, आणि पुन्हा व्यायाम. शरीर लवकर सावरतं, म्हणून दिवसात जास्त वेळा पिळता येतं. मला ही गोष्ट वाचल्यापासून जरा खटकते. शरीराने 'पुरे' म्हणायला जो वेळ घेतला असता, तोच वेळ या खोलीने कापून टाकला. पण त्याचा रिझल्ट दिसला, यात शंका नाही. पहिल्या मॅचला दक्षिण आफ्रिकेकडून फक्त एका पॉइंटने हरले, मग सामोआ, नामिबिया, फिजी, आणि क्वार्टर फायनलला आयर्लंडला २२-१० असं हरवलं. वेल्स सेमीफायनलला!

१५ ऑक्टोबर २०११, ऑकलंड, ईडन पार्क. समोर फ्रान्स. वॉरबर्टनला तेविसावं लागून दहा दिवस झालेत. तिकडे कार्डिफमध्ये सकाळ, आणि त्या शहरातल्या स्टेडियममध्ये साठ हजारांच्या आसपास लोक मोठ्या पडद्यावर मॅच बघायला जमलेत. मैदानावर कोणीच नाही, फक्त पडदा. इतका तो देश वेडा झाला होता.

अठरावं मिनिट. फ्रान्सचा विंगर व्हँसाँ क्लेर बॉल घेतो, वॉरबर्टन त्याला टॅकल करतो. टॅकल इतका जोरात बसतो की क्लेर हवेत उचलला जातो, आडवा होतो, त्याचे पाय डोक्याच्या वर. आणि वॉरबर्टन त्याला सोडून देतो. क्लेर खांद्या-मानेवर आदळतो. धक्काबुक्की होते. रेफरी अ‍ॅलेन रोलँड खिशात हात घालतो आणि कार्ड लाल निघतं. वर्ल्ड कप सेमीफायनल, कर्णधार बाहेर, एक तासाहून जास्त खेळ बाकी, चौदा जण.

त्यावेळी वेल्समध्ये आगपाखड झाली. रोलँडवर काय काय बोललं गेलं! पण नियम बघितला तर गोष्ट वेगळी दिसते. समोरच्याला उचलून तो सुरक्षित खाली येईल याची काळजी न घेता सोडलं, तर लाल कार्ड द्यायचं, अशी सूचना रेफरींना २००९ पासूनच होती. हेतू काय होता हे बघायचं नाही, शरीर कुठे आदळलं ते बघायचं. आणि वॉरबर्टनने नंतर स्वतःच सांगितलं की रेफरीचा निर्णय बरोबर होता. मला हे खूप मोठं वाटतं. अख्खा देश तुझ्या बाजूने भांडतोय, 'तुझ्यावर अन्याय झाला' म्हणतोय, ती ऊबदार रजाई आहे, ओढून झोपता आलं असतं. त्याने ती बाजूला केली.

मॅचचं काय झालं? चौदा जणांनी जीव काढला. माइक फिलिप्सने ट्राय मारला. त्यानंतरची किक स्टीफन जोन्सने मारली ती खांबाला लागली. शेवटच्या पाच मिनिटांत ली हाफपेनीने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून पेनल्टी मारली, बॉल सरळ गेला, सरळ गेला, आणि आडव्या दांड्याच्या जरासा खाली पडला. ९-८. फ्रान्स फायनलला. तो बाजूला खुर्चीवर बसून बघत होता. ती क्लिप यूट्यूबवर आहे, त्याचा चेहरा बघा, मी वर्णन करत नाही.

पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, वेल्सने सिक्स नेशन्समध्ये ग्रँड स्लॅम केला. सिक्स नेशन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली यांची दरवर्षीची स्पर्धा. ग्रँड स्लॅम म्हणजे पाचपैकी पाच मॅच जिंकणं. (एक गंमत सांगून घेतो. याच स्पर्धेत इंग्लंड-स्कॉटलंड मॅचला जो कप देतात त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा त्यांनी बँकेतले उरलेले चांदीचे रुपये वितळवून तो कप बनवला. आपले रुपये आहेत हो ते.) शेवटची मॅच कार्डिफला, समोर पुन्हा फ्रान्स. वॉरबर्टन कर्णधार, पण खांदा गेला आणि हाफटाइमलाच बाहेर. त्याच्या जागी आला रायन जोन्स. हे नाव लक्षात ठेवा. वेल्सने मॅच १६-९ जिंकली.

इथून पुढे त्याच्या करिअरचा नकाशाच असा आहे : मोठी मॅच, दुखापत, मोठी मॅच, दुखापत. २०१३ च्या सिक्स नेशन्समध्ये तो दुखापतीतून परत आला तेव्हा कर्णधारपद त्याच्याकडे राहिलं नव्हतं. शिवाय सात नंबरच्या जागेवर जस्टिन टिप्युरिक नावाचा जबरदस्त खेळाडू उभा होता. ग्रँड स्लॅमसाठी आलेल्या इंग्लंडला कार्डिफला ३०-३ असं धुतलं, त्या मॅचला सात नंबर टिप्युरिकने घातला होता. वॉरबर्टन सहा नंबरवर, आणि कर्णधार तिसराच कोणीतरी.

आणि त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी त्याला लायन्सचा कर्णधार केलं!

लायन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांचा मिळून एक संघ. चार वर्षांतून एकदा बनतो, आणि आळीपाळीने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडला जातो. रग्बीवाल्यांसाठी यापेक्षा मोठा मान नाही. त्यात कर्णधार होणं म्हणजे, काय सांगू. आणि हा चोवीस वर्षांचा. दौऱ्याचा कर्णधार म्हणून लायन्सच्या इतिहासातला सगळ्यात तरुण. स्वतःच्या देशाचं नेतृत्व ज्याच्याकडे त्या क्षणी नव्हतं, त्याला चार देशांचं दिलं. गंमत अशी की २०१७ ला पुन्हा तेच झालं. त्या वर्षी जानेवारीत वेल्सचं कर्णधारपद अ‍ॅलिन विन जोन्सकडे गेलं, आणि एप्रिलमध्ये वॉरबर्टनला दुसऱ्यांदा लायन्सचा कर्णधार केलं. दोन दौऱ्यांवर लायन्सचा कर्णधार होणारा त्याच्याआधी एकच माणूस होता, इंग्लंडचा मार्टिन जॉन्सन.

२०१३ च्या दौऱ्यात पहिली टेस्ट ब्रिस्बेनला २३-२१ जिंकली. दुसरी मेलबर्नला १५-१६ हरले, आणि त्याच मॅचमध्ये मांडीचा मागचा स्नायू गेला. तिसरी, निर्णायक टेस्ट सिडनीला लायन्सने ४१-१६ जिंकली. कर्णधार अ‍ॅलिन विन जोन्स. वॉरबर्टन बाहेर बसून बघत होता. पुन्हा एकदा.

मधली वर्षं पटकन सांगतो. २०१४ च्या जानेवारीत वेल्सच्या रग्बी संघटनेने त्याच्याशी थेट करार केला, असा करार झालेला तो पहिला खेळाडू. यामागचं भांडण समजून घेण्यासारखं आहे. वेल्समध्ये चार व्यावसायिक संघ आहेत. पगार त्यांचा, पण देशासाठी मात्र खेळाडू ताजा हवा. मग एका खेळाडूने वर्षात किती मॅच खेळायच्या हे कोण ठरवणार? त्याच्या शरीराचा मालक कोण? उत्तर निघालं : थेट पैसे देऊन संघटनाच. त्याच्या बाबतीत तरी. बाकीच्यांचं भांडण नंतरही चालूच राहिलं, इतकं की फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मॅचआधी वेल्सचे खेळाडू करारांवरून संपावर जायच्या बेतात होते.

२०१५ चा वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये. वेल्सने इंग्लंडला त्यांच्याच घरात, ट्विकनहॅमला, २८-२५ हरवलं. त्यात शेवटच्या मिनिटांत इंग्लंडला पेनल्टी मिळाली होती, किक मारून बरोबरी करता आली असती. त्यांच्या कर्णधाराने जिंकायला जायचं ठरवलं, बॉल कोपऱ्यात बाहेर मारला, पुढची संधी वेल्सने हाणून पाडली. त्याच स्पर्धेत इंग्लंड साखळीतच बाहेर पडलं.

आता २०१७, न्यूझीलंड. हा माझा आवडता भाग आहे, जरा सावकाश सांगतो.

गुडघ्याच्या दुखापतीतून तो जेमतेम दौऱ्यापर्यंत पोचला. पहिल्या टेस्टला कर्णधार असूनही बेंचवर. ती ३०-१५ अशी हरले. दुसरी टेस्ट वेलिंग्टनला, तो सुरुवातीपासून मैदानात. पंचविसाव्या मिनिटाला न्यूझीलंडच्या सोनी बिल विल्यम्सने खांदा समोरच्याच्या डोक्याला मारला, आणि लाल कार्ड. सहा वर्षांपूर्वी ज्या देशात, ज्या बाजूला तो उभा होता, आता त्याच्या बरोबर समोरची बाजू. लायन्सने ती मॅच २४-२१ जिंकली. आता सिरीज १-१.

तिसरी टेस्ट. मैदान कोणतं? ईडन पार्क, ऑकलंड. जिथे त्याला लाल कार्ड मिळालं होतं तेच. लायन्सच्या ओवेन फॅरलने सत्याहत्तराव्या मिनिटाला लांबून किक मारून १५-१५ अशी बरोबरी केली. दोन-तीन मिनिटं उरलीत. न्यूझीलंड बॉल उंच मारतो, हवेत लायन्सचा लियम विल्यम्स आणि न्यूझीलंडचा किरन रीड दोघं उडतात, बॉल विल्यम्सच्या हातातून पुढे उडतो आणि लायन्सच्याच केन ओवेन्सच्या हातात जातो. ओवेन्स बॉलच्या पुढे होता. त्याला ते क्षणात कळतं आणि तो हात पोळल्यासारखा बॉल सोडतो. रेफरी रोमाँ प्वातने शिटी वाजवून पेनल्टी दिली. किक सोपी होती. गेली असती तर सिरीज न्यूझीलंडची, संपला विषय.

रग्बीत एक सुंदर पद्धत आहे : रेफरीशी वाद घालायचा नाही, आणि बोलायचंच तर फक्त कर्णधाराने, आदराने. वॉरबर्टनची ही खासियत होती. तो रेफरीचा अभ्यास करायचा, कोणाला कसं बोललेलं चालतं ते. हजारो लोक ओरडताहेत, आणि हा शांतपणे प्वातशी बोलतोय, रीडने हवेत कसं आव्हान दिलं ते बघा अशी विनंती करतोय. प्वात रीप्ले बघतो. सहकाऱ्यांशी बोलतो. आणि निर्णय बदलतो : ऑफसाइड जाणूनबुजून नव्हती, पेनल्टी नाही, स्क्रम. न्यूझीलंडवाले आजही म्हणतात की ती पेनल्टीच होती, आणि नियमपुस्तक काढून बसलं तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे, हे मलाही मान्य. पण मॅच १५-१५ अशी संपली, सिरीज बरोबरीत. कप उचलताना रीड आणि वॉरबर्टन दोघांनी मिळून उचलला. १९७१ नंतर लायन्स पहिल्यांदाच न्यूझीलंडमधून सिरीज न हरता परतले.

तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यानंतर तो एकही मॅच खेळला नाही.

मानेची शस्त्रक्रिया झाली, गुडघ्याची झाली. अख्खा २०१७-१८ चा सीझन बाहेर. २०१८ च्या उन्हाळ्यात कार्डिफ ब्लूजबरोबर सराव सुरू केला, आणि काही दिवसांतच त्याला कळलं की शरीर परत येत नाहीये. १८ जुलैला निवृत्ती. वेल्सकडून ७४ सामने, त्यातले ४९ कर्णधार म्हणून, तोपर्यंतचा वेल्सचा विक्रम. लायन्सच्या पाच टेस्ट.

७४ हा आकडा मोठा वाटतो. पण अ‍ॅलिन विन जोन्स, जो त्याच्याच काळातला, तो दीडशेच्या पुढे गेला. फरक नशिबाचा आहे, शरीरांचाही आहे. पण मला वाटतं, थोडा त्या दीड सेकंदाचाही आहे. ज्या कौशल्यासाठी त्याला कर्णधार केलं, लायन्समध्ये घेतलं, थेट करार दिला, तेच कौशल्य प्रत्येक वेळी त्याच्या मानेच्या, खांद्याच्या, गुडघ्याच्या खात्यातून थोडं थोडं काढत होतं. आणि कमी जॅकल कर असं त्याला कोण सांगणार? मग टीममध्ये ठेवायचं कशाला? कोचकडे याचं उत्तर नव्हतं, आणि क्रायोथेरपीच्या खोलीतही नव्हतं.

आता तो रायन जोन्स. २०१२ ला त्याच्या जागी मैदानात आलेला. वेल्सचा आधीचा कर्णधार, तीन ग्रँड स्लॅम जिंकलेला. जुलै २०२२ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने जगाला सांगितलं की त्याला डिमेन्शियाचं निदान झालंय. आपल्या आजी-आजोबांच्या वयात ऐकू येणारा शब्द. त्याच्याआधी वेल्सच्याच अ‍ॅलिक्स पॉपमला चाळिसाव्या वर्षी तेच निदान झालं होतं. डोक्याला वर्षानुवर्षं बसणारे लहान-मोठे धक्के. असे अनेक माजी खेळाडू आता रग्बीच्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेलेत. वॉरबर्टनची दुखापत डोक्याची नव्हती, मानेची आणि गुडघ्याची होती, त्यामुळे दोन्ही एकाच पिशवीत घालू नका. पण रग्बी व्यावसायिक झाली १९९५ मध्ये. ज्यांनी सगळं करिअर फुलटाइम पगारावर, फुलटाइम जिममध्ये, फुलटाइम आपटत काढलं, त्यांची पहिली पिढी आत्ता कुठे चाळिशीत पोचतेय. त्याआधीचे लोक सोमवारी कारखान्यात किंवा शाळेत कामाला जायचे. म्हणजे हा प्रयोग चालू आहे, आणि त्याचे रिझल्ट आपण लाइव्ह बघतोय.

वॉरबर्टन आता टीव्हीवर बोलतो, लिहितो, 'ओपन साइड' नावाचं त्याचं पुस्तकही आहे. मॅचमध्ये बदली खेळाडूंची संख्या कमी करा असं त्याने जोरात मांडलंय. युक्तिवाद चोख आहे : पन्नास मिनिटं खेळून दमलेल्या माणसावर तुम्ही बेंचवरून ताजा, एकशेवीस किलोचा माणूस सोडता. सगळ्यांना ऐंशी मिनिटं खेळायची असतील तर शरीरं आपोआप लहान होतील, धक्के हलके होतील. संघटनांना हे फारसं पचलेलं नाही. बेंचवर मोठी माणसं असणं टीव्हीवर छान दिसतं ना.

बरं, आता तुमच्यासाठी. काही बघायचं असेल तर २०१७ ची ईडन पार्कची मॅच, शेवटची पाच मिनिटं बघा. आवाज चालू ठेवून बघा, रेफरीच्या माइकवरचं सगळं ऐकू येतं. आणि त्यानंतर कुठलीही रग्बी मॅच लावा, फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स असतेच. बॉलच्या मागे पळू नका. टॅकल झाला की फक्त सात नंबरकडे बघा. तो वाकेल. हात आत जातील. मग समोरून कोण येतंय ते बघा, आणि रेफरीची शिटी किती उशिरा वाजते ते मोजा.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्यापैकी कोणी कॉलेजात रग्बी खेळलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. सात नंबर असाल तर नक्कीच पाठवा!